फाट्यावर न वळणारा हरेश

आमच्या फाट्यावर हरेशचा फ्लेक्स लागलाय. चांगला दोन माणसं उंच. डोळ्यांवर गॉगल, अंगात पोपटी बनियन, गळ्यात मेडलांची माळ, आणि डावा हात मुद्दाम असा पुढे केलेला, की मनगटावरचं घड्याळ आधी दिसावं आणि हरेश नंतर. खाली लिहिलंय, 'खारेपाटाचा वेगवान वाघ, युवकांचे प्रेरणास्थान, मा. हरेशशेठ'. शुभेच्छुक म्हणून 'मित्रपरिवार' आहे. तो छापायला पेणला कोण गेलं होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. स्वतः गेला होता, स्वतःच्या गाडीने, आणि वाघाचं चित्र लहान आलं म्हणून दुकानदाराशी भांडून आला होता.

अंगणवाडीत जाता-येता मला त्या फ्लेक्सखालून जावं लागतं. रोज मान वर करते आणि मनात म्हणते, मेल्या, जिथे हा फ्लेक्स लावलायस ना, तिथून डावीकडे वळलं की तुझी आई राहते.

हरेश आणि मी एका वर्गातले. त्यामुळे 'मा.' आणि 'शेठ' वगैरे मला सांगायचं काम नाही. शाळेत असताना हा माणूस आपणहून एकदाच धावला, स्पर्धेत, आणि निम्म्यात फतकल मारून बसला. पायात काटा गेला म्हणाला. गुरुजींनी तळवा उलटासुलटा करून पाहिला, काटा काही सापडला नाही. घरी जाऊन आईलाही, म्हणजे आमच्या हिराकाकीलाही, तेच सांगितलं. हिराकाकीने मात्र काटा आहे की नाही हे न बघता पायाला बिब्बा लावला आणि वर गुळाचा खडा दिला. तेव्हापासून त्याला कळून चुकलं असावं की आईजवळ काहीही खपतं.

रेवसच्या अलीकडे आमची वाडी आहे. समोर खाडीच्या पाण्याचं दलदलीचं खाजण, खाजणापलीकडे उंच बांध, बांधावरून धक्क्याकडे जाणारा डांबरी रस्ता. हरेशच्या बापाने खाडीचं खारं पाणी अडवत, फुटलेला बांध पुन्हा पुन्हा घालत भातशेती राखली. हरेशने ती मुंबईवाल्यांना बंगल्यांसाठी विकली, मग दुसऱ्यांच्या जमिनी विकायला लागला, आणि मग स्वतःसाठीही तिकडे पुढे रस्त्याला लागून बंगला बांधला. बंगल्याबरोबर पोट आलं. डॉक्टर म्हणाले, चाला जरा. पण नुसतं चालेल तो हरेश कसला! चालणं फुकट असतं ना, त्याला वस्तू लागत नाहीत.

धावायला निघण्याआधी याचं जे काही चालतं ते एकदा बघण्यासारखं आहे. दंडाला मोबाईल बांधायचा. छातीला पट्टा. कानात गाण्यांची बोंडं. कमरेला इवल्या इवल्या बाटल्यांचा पट्टा, त्यात कसलंसं निळं पाणी. मनगटावर घड्याळ, आणि त्या घड्याळाला आभाळातला उपग्रह सापडेपर्यंत हा अंगणात हात वर करून उभा. हळदीला बसलेली नवरीसुद्धा एवढा वेळ घेत नाही हो! त्याची बायको शुभांगी बिचारी दारात उभी राहून विचारायची, "सापडला का?" आणि हा मान हलवायचा, "थांब, शोधतोय."

एकदा धक्क्यापर्यंत जाऊन आला आणि बघतो तर ॲप बंद पडलेलं. डोक्याला हात लावून पायरीवर बसला. मी काही कामासाठी शुभांगीकडे गेले होते. ती म्हणाली, "अहो, पण धावलात ना? झालं की मग."

"कसलं झालं?" हा खेकसला. "मोजलं नाही तर झालं नाही."

हे त्याचं ब्रीदवाक्य. बनियनवर छापूनही घेतलंय. मी म्हटलं, "हरेश, तुझ्या आईने जन्मभर तुला भाकऱ्या थापून घातल्या, त्या कुणी मोजल्या नाहीत. म्हणजे तू उपाशीच वाढलास का रे?"

"सुमन, तू ना फार निगेटिव्ह आहेस," असं म्हणून त्याने घड्याळ काढून ठेवलं, पुन्हा बांधलं, पुन्हा उपग्रह शोधला आणि तीच वाट दुसऱ्यांदा धावायला निघाला. तोंडाला फेस आला होता. पण धावणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो पडला आणि तीस-चाळीस जणांनी अंगठे दाखवले तेव्हा कुठे त्याच्या घशाखाली चहा उतरला.

मला या गोष्टी कळत नाहीत म्हणून मी बोलते असं समजू नका. अंगणवाडीसाठी मलाही मोबाईल मिळालाय, पोरांची वजनं त्यात भरावी लागतात. ॲपबिप मला कळतं. वजनकाट्यावर पोर ठेवलं की आकडा दिसतो, पोर भुकेलं आहे का ते पोराच्या तोंडाकडे बघूनच कळतं, हेही मला कळतं. हरेशला पहिलं कळतं. दुसऱ्याच्या नावाने आनंद.

त्याच्या पोरीचं, प्राचीचं लग्न झालं तेव्हाची गोष्ट सांगते. याचा त्या वेळी नेम होता, वर्षभर एक दिवसही खंड पडू द्यायचा नाही. आणि मध्येच पोरीचं लग्न! लग्नाच्या दिवशी नवरीचा बाप धावायला गेला तर लोक शेण घालतील तोंडात, एवढी अक्कल त्याला होती. मग काय करावं? नवरदेवाची वरात वाजतगाजत मांडवाशी आली. त्या बँडमध्ये एक ढोलवाला होता, अंगात वारं शिरल्यासारखा उड्या मारत वाजवत होता. हरेशने त्याला बाजूला घेतलं, हातात काहीतरी सरकवलं आणि स्वतःचं घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. मी अक्षता वाटत होते, माझ्या डोळ्यांदेखत बांधलं.

इकडे मंगलाष्टकं चालू, मांडवाबाहेर ढोलवाल्याच्या उड्या चालू आणि तिकडे ग्रुपवर आपोआप बातमी जातेय, हरेश धावतोय, छातीचे ठोके अमुक, वेग तमुक. लोक लिहितायत, 'मुलीच्या लग्नाच्या दिवशीही! सलाम सर!' आणि सर अंतरपाटाशेजारी उभे राहून एका हाताने अक्षता टाकतायत, दुसऱ्या हाताने ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र पाठवतायत.

पण देवाला डोळे असतात. बँडवाल्यांना दुसरी सुपारी होती. जेवणाच्या पंगती उठायच्या आत त्यांचा टेम्पो निघून गेला आणि ढोलवाल्याबरोबर घड्याळही गेलं. पाठवणीची वेळ झाली. प्राचीने सगळ्यांच्या गळ्यात पडून घेतलं आणि बापाला शोधायला लागली. "पप्पा कुठायत?" कुणालाच सांगता येईना. मग प्राचीच्याच मोबाईलवर पप्पांच्या फोनचा ठिपका दिसला. पप्पा वडखळच्या रस्त्याला, टेम्पोच्या मागे! पोर क्षणभर त्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग मोबाईल पर्समध्ये टाकला, हिराकाकीच्या कुशीत शिरून रडली आणि गाडीत बसली. घड्याळ मिळालं बरं का. मुलगी निघून गेल्यावर अर्ध्या तासाने हा विजयी मुद्रेने परत आला. मी तोंडावर म्हटलं, "नाकापेक्षा मोती जड झालाय रे तुला." त्याला वाटलं मी घड्याळाच्या किमतीबद्दल बोलतेय. म्हणाला, "हो ना, म्हणून तर गेलो."

आता हिराकाकीचं सांगते, कारण हरेशचं खरं माप तिच्याच ओट्यावर कळतं.

काकी आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. बंगल्यावर नेली होती एकदा, महिनाभर टिकली. गच्चीवर सुकट वाळत घातली म्हणून घरात अत्तराचे फवारे उडाले, ते बघून काकीने पिशवी भरली आणि चालत परत आली. भांडण नाही, तंटा नाही. "तितं वासाची पन भीती वाटते गो त्यांना," एवढंच म्हणाली. हातपाय धड आहेत, परसात वाल लावते, मळते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिची हौस एकच. पोरानं यावं, पाटावर बसावं आणि तिच्या समोर जेवावं.

आणि पोर रोज सकाळी तिच्या डोळ्यांसमोरून जातं हो! ओट्यावर बसलं की खाजणापलीकडचा बांध दिसतो. काकी चहाची कपबशी घेऊन येऊन बसायची आणि डोळ्यांवर हात धरून बघायची. लांबवर तो पोपटी ठिपका दिसला की मला हाक मारायची, "सुमन, तो बग, चालला माजा पोपट." ठिपका धक्क्याकडे जायचा, परत यायचा, फाट्यावरून सरळ निघून जायचा. फाट्यापासून आमच्या वाडीपर्यंत रस्ता खाजणाला वळसा घालून येतो, फार तर एक किलोमीटर. मी एकदा हरेशला अडवून विचारलं, "रोज इथवर येतोस, वळत का नाहीस?"

जागच्या जागी उड्या मारत म्हणाला, "पेस मोडतो गं. आणि तो रस्ता बघितलास का, सगळी खडी वर आलीय. घोटा गेला म्हणजे?"

"आईने बिब्बा ठेवलाय अजून," मी म्हटलं. कानात बोंडं होती, ऐकू कुठून जाणार!

तर या पोराने आईची पंच्याहत्तरी केली. दणक्यात केली. केक, मंडप, आणि वरून चित्र काढणारा ड्रोन. बायका पंच्याहत्तर दिवे घेऊन ओवाळायला उभ्या, आणि काकीला सांगितलेलं, वर बघ, हस. ती घाबरून वर बघतेय, तो ड्रोन माडाच्या झापांत अडकला आणि धाडकन केकवर पडला. सगळ्यांचं तोंड पांढरं झालं, मला मात्र हसू आवरेना. ओवाळणी राहिली बाजूला, हरेश क्रीममधून ड्रोनचे पंख वेचत बसला.

त्याच दिवशी त्याने माईक हातात घेऊन आईला भेट दिली. घड्याळ! स्वतःच्यासारखंच, पट्टा तेवढा गुलाबी. लोकांना समजावून सांगितलं, आई पडली तर या घड्याळाला आपोआप कळतं, लगेच माझ्या मोबाईलवर घंटा वाजते. आईच्या छातीचा ठोका चोवीस तास माझ्या मनगटावर दिसतो. ठोका थांबला की मला इथे झटका बसतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग काकीला बाजूला घेऊन ताकीद दिली, "आये, हे काढायचं नाही. न्हातानाही नाही. चार्जिंगला सुमन लावील तेवढंच. चार्जरवर ठेवलं की मला कळतं." म्हणजे बघा, आईला सांभाळायचं कंत्राट घड्याळाला, आणि घड्याळाला सांभाळायचं मला! आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय?

काकी डावरी, आणि घड्याळ बांधलेलं डाव्या हाताला. काही दिवसांनी ती अंगणात वालाच्या शेंगा काठीने झोडपत बसली होती. दणादण हात चालला होता आणि एकदम मनगटात काहीतरी वळवळलं, गुरगुरलं. तिला वाटलं किडूक चढलं अंगावर, सापबिप. किडूक चढलं की हलायचं नाही, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. ती दगडासारखी बसून राहिली. घड्याळाला वाटलं म्हातारी पडली आणि आता हलतही नाही. झालं! दहा मिनिटांत हरेशची गाडी धुरळा उडवत वाडीत. उतरला तो घामाघूम, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

काकी शेंगा झोडपत होती. वर बघून म्हणाली, "आलास? बस. बिरडं केलंय."

घाबरलेला माणूस भुकेला असतो. पाटावर बसला आणि तांदळाच्या तीन भाकऱ्या खाल्ल्या त्याने. काकी समोर बसून बघत होती. बंगल्यावर राहायला गेल्यापासून बहुधा पहिल्यांदाच तो त्या घरात गणपती नसताना जेवला. निघताना घड्याळाच्या कंपनीला दोन शिव्या हासडल्या, "सेन्सर गंडलाय," म्हणाला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी काकी माझ्याकडे आली. चेहरा बघावा तर देव पावल्यासारखा. "सुमन, हे घड्याळ लय गुणाचं हाय गो."

मला तेव्हा काही कळलं नाही. पुढल्या रविवारी कळलं. मी मीठ मागायला गेले तर काकीचं सगळं झालेलं. भाकऱ्या थापून टोपलीत, सुक्या बोंबलाचं कालवण चुलीवरून उतरवलेलं, पाट मांडलेला. काकी ओट्यावर आली, पदर खोचला आणि डावा हात उचलून ओट्याच्या दगडी कडेवर फाडकन आपटला. मग डोळे मिटून गप्प बसली.

"अगो काकी! काय करतेस?" मी ओरडले.

डोळे न उघडता म्हणाली, "चुप. हलाचं न्हाय. आता येल तो."

आणि आला की खरंच! जेवला, कंपनीला शिव्या दिल्या, गेला. तो गेल्यावर मी काकीला म्हटलं, मी सांगते त्याला, आईला भेटायला घंटा लागते का म्हणून. तर काकीने माझा हात धरला. "सांगशील तर माजं मेलेलं तोंड बगशील. येतो ना? मग कशानं का येईना." अशी शपथ घातल्यावर मी काय करणार? तोंडाला कुलूप.

असं चार-पाच वेळा झालं. आधी सैपाक, मग हात. भाकरी गार होऊ नये असा तिचा अंदाज असायचा. दर वेळी तो यायचा, पण दर वेळी जरा उशिरा, आणि जरा जास्त चिडलेला.

मग अलिबागच्या मोठ्या शर्यतीचा दिवस आला. काकीला शर्यतबिर्यत काय ठाऊक? तिच्या लेखी तो नेहमीचाच रविवार. त्या दिवशी खाडीतल्या चिवण्या माशांचं कालवण होतं, अंड्यांनी भरलेल्या गाभोळीच्या चिवण्या, याच्या जिवाभावाच्या. हात आपटला. बसली. दहा मिनिटं गेली, तास गेला. कालवणावर साय धरल्यासारखं झालं. मी म्हटलं, "काकी, तू तरी जेव." नाही म्हणाली. दुपार कलल्यावर फोन आला. मी स्पीकरवर लावला.

"आये, ठीक आहेस ना? हो, मला वाटलंच. मला शर्यतीत मध्येच अलर्ट आलेला, पण थांबलो असतो तर सगळं टायमिंग गेलं असतं. मेडल मिळालं. फोटो पाठवलाय, सुमनला दाखवायला सांग."

तुम्हीच सांगा, काय म्हणावं याला? आई पडली असा सांगावा आला आणि हा धावत राहिला, आईपासून उलट्या दिशेने! फोटो आला. मेडल दातात धरलेलं. काकीने माझ्या मोबाईलवर बोट ठेवून त्याच्या गालावरून फिरवलं आणि चित्र भलतीकडेच सरकलं. "हडकला गो," म्हणाली.

त्या दिवसानंतर हरेशने बंगल्यावर बसून, आपल्याच मोबाईलवरून, ती पडल्याची घंटा बंद करून टाकली. काकीला सांगितलंही नाही. काकी आपली रविवारी सैपाक करायची, हात आपटायची, बसायची. कुणी यायचं नाही. तिला वाटलं आपलाच हात हलका पडतो. मग आणखी जोरात. मी रागवायचे, हात धरायचे, पण मी अंगणवाडीत गेले की ही मोकळीच. एक दिवस बघते तर मनगट वांग्यासारखं जांभळं, सुजून पट्टा आत रुतलेला.

माझं डोकं फिरलं. तशीच बंगल्यावर गेले. शपथ होती म्हणून खरं सांगता येईना, पण म्हटलं, "हरेश, आईचा हात सुजलाय. येऊन बघ."

तो व्हरांड्यात पाय एका मशीनमध्ये घालून बसला होता, मशीन पाय चेपत होतं. मोबाईल उचलला, बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरला. "हे बघ. ठोके नॉर्मल, झोप मस्त, ऑक्सिजन मस्त. सगळं ग्रीन आहे."

"अरे, हात निळा आहे!"

"सुमन, डेटा खोटं बोलत नाही. सकाळी डोळे उघडले की आधी तिचा ठोका बघतो मी, मग चहा. एवढं कोण करतं आईचं?"

आणि खरं सांगते, तो थापा मारत नव्हता. तेच तर जास्त लागलं मला. हा माणूस रोज सकाळी आईच्या काळजाचा ठोका बघतो आणि आईला बघत नाही. 'उद्या बघतो' म्हणाला. उद्या सकाळी त्याला लांबचं धावायचं होतं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीला जायच्या आधी मी आंबेहळद उगाळून काकीकडे गेले. दोघी ओट्यावर बसलो. लेप लावायचा तर पट्टा आड येत होता. काकीने स्वतःच मनगट पुढे केलं. "काड ते. गुन सरला त्याचा."

मी पट्टा सोडवला. हळूच सोडवला तरी ती कळवळली. घड्याळ दाराजवळच्या खुंटीला अडकवलं आणि लेप लावायला बसले. तेवढ्यात खाजणापलीकडे पोपटी ठिपका आला. काकीने बघितलं, पण हाक मारली नाही, पोपट म्हणाली नाही. लेपाकडेच बघत राहिली.

ठिपका धक्क्याकडून येत होता आणि फाट्याजवळ एकदम थांबला. हरेश धावताना कधी थांबत नाही. लघवीला लागली तरी जागच्या जागी उड्या मारतो. मी मान वर केली. ठिपका मनगट डोळ्यांशी नेऊन बघत होता. मग माझी नजर खुंटीवर गेली. चार्जरवर नाही, हातातही नाही. त्याच्या मनगटावर आईचा ठोका थांबला होता.

"काकी," मी म्हटलं, "बघ."

ठिपका वळला. फ्लेक्सखालून डावीकडे वळला! वर आलेल्या खडीवरून, वळशाच्या रस्त्याने, तो असा सुटला की मी जन्मात त्याला तसं धावताना पाहिलं नव्हतं. त्याच्या त्या सगळ्या व्हिडिओंत हात कसे, मान कशी, सगळं मापात असतं. इथे काही मापात नव्हतं. हात कुठे, पाय कुठे, कमरेच्या बाटल्या उडून रस्त्यावर पडतायत. माडांच्या आड गेला, पुन्हा दिसला. काकी ओट्याच्या कडेला येऊन उभी राहिली होती.

"आये! आये गो!" लांबूनच ओरडत आला. बंगला बांधल्यापासून चारचौघांत तो तिला 'मदर' म्हणायचा. अंगणात आला, ओट्याला अडखळला आणि तिच्या पायाशीच पडला. दोन्ही हातांनी तिच्या पोटऱ्या धरल्या. छातीचा भाता असा चालला होता की मला वाटलं याचाच ठोका थांबतो आता. आईच्या पायांवरून, हातांवरून, तोंडावरून हात फिरवून बघत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला त्याचा राग आठवेना.

पण घटकाच ती. त्याला खुंटीवरचं घड्याळ दिसलं.

"हे का काढलंस?" उभा राहून ओरडायला लागला. "कितीदा सांगितलं काढायचं नाही म्हणून! मी मेलो असतो ना इथे! आणि सुमन, तुला अक्कल नाही? तुला ॲप कळतं ना?"

हात बघ तिचा, मी म्हणणार तोच त्याचं मनगट किणकिणलं. नुसता बारीक सूर. सवयीने मान खाली गेली. बघत राहिला. कपाळावरची आठी हळूहळू सुटली, आणि त्या रडक्या, घामट, शेंबडाने भरलेल्या तोंडावर असं हसू फुललं की काय सांगू! हात माझ्यापुढे नाचवत म्हणाला, "सुमन! पर्सनल बेस्ट! माझा आजवरचा सगळ्यात फास्ट किलोमीटर! या खडीवर! बघ, बघ ना!"

कपाळ माझं. दोन मिनिटांपूर्वी आई मेली म्हणून धावत आला होता हा.

आणि लगेच दंडाचा मोबाईल काढून त्या आकड्याचा फोटो घ्यायला लागला. उजेड नीट येईना म्हणून अंगणात गेला, माडाच्या सावलीतून बाहेर, पाठ आमच्याकडे. माझ्या जिभेवर जे जे आलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काकी हळदीचा हात पोटाशी धरून त्याच्या पाठीकडे बघत होती. मग तिने मला कोपराने ढोसलं. "काय म्हनतो गो तो? कसला बेस?"

मी तिच्याकडे बघितलं. शब्दाला शब्द लावून सांगायचं ठरवलं.

"काकी, तो म्हणतोय, आजवर मी एवढ्या जोरात कधीच धावलो नव्हतो."

"कवाच न्हाय?"

"कधीच नाही."

काकीने नाकावर बोट ठेवलं. मग सुजलेल्या हाताने पदर सावरला, आत जाऊन पाट मांडला, पिठाचा डबा खाली काढल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिने खुंटीवरचं घड्याळ हाताने चाचपून बघितलं, नीट अडकलंय ना म्हणून.

"आता ऱ्हाऊ दे ते इतंच," माझ्या कानाशी येऊन ती म्हणाली. "सूज उतरली की बांदीन, आन रविवारी भाकऱ्या झाल्या की काडत जाईन."